मदत हवी आहे: २०२१ ची पल्सर १५० घ्यायची आहे, पण आरसी विकणाऱ्याच्या नावावर नाही

कर्वेनगरी
नमस्कार मंडळी. हडपसरला एक पल्सर १५० बघून ठेवली आहे. बीएस-६, एमएच-१२ पासिंग, नोंदणी ऑगस्ट २०२१. मीटरवर ३४,२०० किलोमीटर, मागणी ६८ हजार. विकणाऱ्याने ती दोन वर्षांपूर्वी मित्राकडून घेतली, पण नावावर करायची राहून गेली. त्याचं म्हणणं, "मूळ मालकाची टीटी (मालकी हस्तांतराच्या) फॉर्मवर सही आहे, तुम्ही थेट तुमच्या नावावर करून घ्या." आरसीवर फायनान्स कंपनीचं नाव अजून दिसतंय. विमा ऑगस्ट २०२६ पर्यंत आहे असंही सांगतो.

माझ्या दोन शंका. कागदांचं हे असं चालतं का? आणि गाडी बघायला जाताना नेमकं काय काय तपासू?

शिवाय घरची स्प्लेंडर काढायची आहे. नोंदणी जून २०१०, मुदत संपून आठ महिने झाले. एक जण ९ हजार रोख देतोय, "कागदाचं माझं मी बघतो" म्हणतोय. देऊन टाकू का?

टीटी_फॉर्म
आधी कागद, कारण गाडीतला दोष पैसे घालून दुरुस्त होतो, कागदातला होईलच असं नाही.

कायद्याच्या दृष्टीने विकणारा तो, ज्याचं नाव आरसीवर आहे. मधला माणूस कोणीच नाही. सही केलेले टीटी फॉर्म, म्हणजे फॉर्म २९ आणि ३०, हातात असले तरी आज बरंचसं काम ऑनलाइन होतं आणि आरसीधारकाच्या आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी जातो. तो माणूस फोन उचलत नसेल, गाव सोडून गेला असेल किंवा हयात नसेल, तर ते फॉर्म नुसते कागद राहतात. मृत्यू झाला असेल तर आधी फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर जाते, मगच तुमच्या. त्यामुळे पहिली मागणी हीच करा: मूळ मालकाशी बोलणं करून द्या. त्यात टाळाटाळ झाली तर गाडी बघायलाही जाऊ नका.

फायनान्सचा बोजा उतरल्याशिवाय गाडी नावावर होत नाही. त्यासाठी फायनान्स कंपनीची एनओसी आणि तिच्या सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ लागतो. एनओसीवर मुदत छापलेली असते. ती उलटली असेल तर मूळ कर्जदारालाच नवी मागवावी लागेल, तुम्हाला किंवा मधल्या माणसाला ती मिळणार नाही. "हप्ते फिटलेत" या शब्दावर जाऊ नका.

विम्यात बहुतेकांची फसगत होते. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. ऑगस्ट २०२१ ची गाडी म्हणजे ऑगस्ट २०२६. तो सांगतोय ती तारीख बहुधा एवढ्याचीच आहे. गाडीचं स्वतःचं नुकसान आणि चोरी यांचा भाग सहसा वर्षाचा असतो आणि दरवर्षी भरावा लागतो. पॉलिसीच्या कागदावर दोन वेगळ्या तारखा असतात, दोन्ही वाचा. गाडी नावावर झाली की १४ दिवसांच्या आत विमाही नावावर करायला अर्ज द्या. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा असतो, तो गाडीबरोबर येत नाही.

ई-चलान राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकून दिसतात. परिवहनच्या साइटवर बोजा, पीयूसी, विमा आणि गाडी काळ्या यादीत आहे का हेही दिसतं. चोरीची नोंद वाहन समन्वय या सरकारी साइटवर पाहा. या तिन्ही गोष्टी घरी बसून, टोकन देण्याआधी.

पाना_पक्कड
गाडीकडे वळू. जायच्या आधी फोनवर एकच सांगा: मी येईपर्यंत इंजिन चालू करू नका. पोचल्यावर आधी इंजिनाच्या पंख्यांना (बाहेरच्या आडव्या पात्यांना) हात लावा. कोमट लागलं तर नमस्कार करून परत या, दुसऱ्या दिवशी सकाळी जा. थंड इंजिन जे दाखवतं ते गरम इंजिन झाकतं.

पहिल्या स्टार्टला कोणाला तरी सायलेन्सरमागे उभं करा. थंडीत थोडी पांढरी वाफ निघून विरते, ते चालतं. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. सुरू केल्यावर क्षणभरच निघून थांबला तर व्हॉल्व्हचे सील, रेस देताना सतत निघाला तर रिंग आणि बोअर. पहिलं हेड उघडून होतं. दुसऱ्यात ब्लॉक-पिस्टन आला, आणि तशी गाडी या भावात घेऊ नये.

पल्सरमध्ये डावीकडून येणारी खरखर नीट ऐका. टायमिंग चेन आणि तिचा टेन्शनर सैल झाला की रेस सोडताना आवाज स्पष्ट येतो. टॅपेटची बारीक टिकटिक ॲडजस्ट करून जाते, टायमिंगची खरखर जात नाही. उजवीकडच्या काचेतून ऑइल बघा. काळं असेल तर फक्त बदलायचं राहिलंय. दुधी, चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय.

पाण्याचा मुद्दा पुण्यात हलका घेऊ नका. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रोडला एकता नगरीत पाणी घुसलं, पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. अशी गाडी धुऊन-पुसून चकचकीत दिसते. सीट काढा, एअर फिल्टरची पेटी उघडा. पेटीच्या कोपऱ्यात वाळलेल्या गाळाची रेघ, वायरिंगच्या जोडांवर हिरवट बुरशीसारखा थर, मीटरच्या काचेआड धुकं, हेडलाइटच्या आत गंज. यातलं काहीही दोन ठिकाणी सापडलं तर सोडून द्या. बीएस-६ गाडीत ईसीयू (इंजिनाचा छोटा संगणक) आणि सेन्सर आहेत, पाणी लागलेला जोड सहा महिन्यांनी दगा देतो.

मीटरचा आकडा खरा की खोटा हे मीटर सांगत नाही. ब्रेकच्या पायपट्टीची झीज, गिअर लिव्हरचं रबर आणि पुढची डिस्क सांगते. डिस्कच्या कडेवर नख फिरवा. पॅड जिथे घासतो तिथे खाच आणि बाहेर उंच कड लागली तर गाडी बरीच पळाली आहे. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, व्हर्नियर असेल तर मोजून घ्या. टायरवर चार आकडी तारीख असते: ३१२१ म्हणजे २०२१ चा ३१ वा आठवडा. ३४ हजारांत मागचा एकदा बदललेला असणं साहजिक. दोन्ही टायर २०२४-२५ चे आणि तेही झिजलेले असतील, तर ३४ हजारांवर विश्वास ठेवू नका.

पडलेली गाडी ओळखायला रंग बघत बसू नका. हँडल पूर्ण डावीकडे-उजवीकडे वळवा, ते चेसिसवरच्या ज्या टोकाला अडतं ते टोक चेपलंय का बघा. मानेजवळच्या वेल्डिंगवर रंगाला बारीक तडे असतील तर समोरून आपटलेली आहे. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी स्वतः जुळवा, फोटोवरून नको.

मग चालवायची. कात्रजचा जुना घाट बरा. चढावर चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये एकदम रेस द्या. इंजिन ओरडलं आणि वेग वाढला नाही तर क्लच प्लेट गेल्या.

कर्वेनगरी
दोघांचेही मनापासून आभार. आज सकाळी जाऊन आलो. मूळ मालकाशी फोनवर बोललो. तो पिंपरीला आहे, यायला तयार आहे आणि एनओसी त्याच्याकडे आहे. इंजिन थंड होतं, धूर नाही, ऑइल काळं. गाळ-गंज सापडला नाही. क्लच घसरत नाही.

पण तीन गोष्टी खटकल्या. मेन स्टँडवर पुढचं चाक उचलून हँडल फिरवलं तर बरोबर मध्ये हलकंसं अडकतं. मागच्या चक्रावर (चेनच्या दातेरी चाकावर) चेन मागे ओढली तर जवळपास अर्धा दात उघडा पडतो. आणि चावी फिरवल्यावर एबीएसचा (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागलाच नाही. तो म्हणाला, "दिवा लागत नाही म्हणजे सगळं ठीक आहे."

पाना_पक्कड
तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि त्याने ती उलटी सांगितली. चावी फिरवल्यावर एबीएसचा दिवा लागलाच पाहिजे आणि गाडी थोडी पळाल्यावर विझला पाहिजे. मुळात लागतच नसेल तर एकतर मीटरमधला दिवा किंवा वायर गेलीय, नाहीतर कायम पेटून राहायचा म्हणून कोणीतरी बंद केलाय. इंजिनाचा चेक लाइटही चावी फिरवल्यावर लागून इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. पुढच्या चाकाजवळ भोकं असलेली गोल रिंग आहे आणि तिच्यासमोर सेन्सर. रिंग वाकली, सेन्सरवर चिखल बसला किंवा टायर बदलताना वायर ओढली गेली तर दिवा पेटतो. हे स्वस्तातलं काम. पण एबीएसचं युनिट गेलं असेल तर हिशेब पार बदलतो. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर लावून एरर कोड वाचून घ्या. तपासणीचे पैसे तुम्ही द्या, पण सौदा त्यानंतर ठरवा. विकणारा तिथे गाडी न्यायला नाही म्हणाला तर तेच उत्तर समजा.

हँडल मध्ये अडकतं म्हणजे कोन सेट (हँडलचं बेअरिंग) गेला. खड्ड्यांनी छर्रे वाटीत खळगे पाडतात. नट सैल करून किंवा आवळून ते जात नाही, पूर्ण सेट बदलावा लागतो. त्याचबरोबर पुढचा ब्रेक दाबून शॉकअप दाबा. नळीवर ऑइलची रिंग उमटली तर सीलही करावे लागतील, दोन्ही कामं एकदम केलीत तर मजुरी वाचते.

अर्धा दात दिसतो म्हणजे चेन लांबली. नुसती चेन टाकू नका, पुढचं-मागचं चक्र आणि चेन असा पूर्ण सेटच बसवा. जुन्या चक्रावर नवी चेन लवकर खराब होते. नाना पेठेत कोन सेट आणि चेन सेटचे भाव आधी विचारा, मजुरी धरा आणि तो आकडा कागदावर लिहून किमतीतून मागा. "थोडं कमी करा" म्हणण्यापेक्षा हे जास्त चालतं.

आणखी एक. मल्टिमीटर असेल तर बॅटरी बंद गाडीत साडेबारा व्होल्टच्या आसपास आणि रेस दिल्यावर साडेतेरा ते साडेचौदा दाखवायला हवी. रेस देऊनही तेराच्या खाली राहिली तर चार्जिंग कमी आहे. पंधराच्या वर गेली तर रेग्युलेटर गेलाय आणि तो बॅटरीबरोबर ईसीयूलाही खाईल.

जुनी_स्प्लेंडर
स्प्लेंडरवर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. ९ हजार रोख घेऊन तशीच देऊ नका, कृपया.

गाडी नावावरून उतरत नाही तोवर तिची जबाबदारी तुमची. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलंय की अपघाताच्या भरपाईसाठी मालक म्हणजे नोंदणीत ज्याचं नाव आहे तो, गाडी पुढे कितीही हातांतून गेली असली तरी. आणि नोंदणीची मुदत संपलेली गाडी दुसऱ्याच्या नावावर होतच नाही. म्हणजे "कागदाचं मी बघतो" याला अर्थ नाही, आधी नूतनीकरण तुम्हालाच करावं लागणार.

हिशेब असा: फॉर्म २५, फी १,००० रुपये. उशिराचे दरमहा ३०० प्रमाणे आठ महिन्यांचे २,४००. त्याशिवाय पर्यावरण कर, चालू विमा, पीयूसी. जुनी नंबर प्लेट असेल तर एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबर प्लेट), दुचाकीला ४५० अधिक जीएसटी म्हणजे ५३१ रुपये. गाडी तपासणीला प्रत्यक्ष न्यावी लागते. एवढं करून ९ हजारच येणार असतील तर नोंदणीकृत स्क्रॅप केंद्राचा भाव विचारा. तिथे ठेव प्रमाणपत्र (गाडी स्क्रॅपला जमा केल्याचा दाखला) मिळतं आणि त्यावर नोंदणी रद्द होते. मंगळवार पेठेतल्या भंगारात तशीच दिली तर नोंदणी तुमच्याच नावावर राहील.

गाडी डीलरला देणार असाल तर तो आरटीओकडे अधिकृत आहे का विचारा. १ एप्रिल २०२३ पासून अशा डीलरला फॉर्म २९-सी भरून गाडी सोपवता येते आणि ती विकली जाईपर्यंतची जबाबदारी त्याची होते. नुसती पाटी लावलेल्या दुकानदाराला हे लागू नाही.

कर्वेनगरी
स्प्लेंडर स्क्रॅपला देतो. पल्सरचा मूळ मालक शनिवारी येतोय. टोकन किती द्यावं आणि कोणाला? बाकीचे पैसे कधी?

टीटी_फॉर्म
टोकन हजार-दोन हजार, त्याहून जास्त नको, आणि ते स्कॅनचा निकाल आल्यावरच. शनिवारी तिघं एकत्र बसा. साध्या कागदावर लिहा की मूळ मालक गाडी तुम्हाला विकतोय, आणि मधल्याने त्याला पूर्वीच पैसे दिले आहेत ते तो मान्य करतोय. तिघांच्या सह्या. पैसे मधल्याच्या खात्यात जाणार असतील तर मूळ मालकाची त्याला संमती आहे हे त्यातच आलं पाहिजे. पैसे यूपीआयने किंवा बँकेतून, रोख नको.

मग मूळ मालकासमोरच बोजा उतरवण्याचा आणि हस्तांतराचा अर्ज भरा, ओटीपी त्याच्याच फोनवरून. फॉर्म २९ च्या दोन प्रती, फॉर्म ३०, त्याच्या आधार-पॅनच्या प्रती "फक्त या गाडीच्या हस्तांतरासाठी" असं आडवं लिहून. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. अर्ज क्रमांक मिळाल्यावर साधारण तीन चतुर्थांश रक्कम द्या, उरलेली परिवहनच्या साइटवर तुमचं नाव दिसल्यावर. मधला याला तयार नसेल तर उरलेल्या रकमेचा आकडा कमी करा, पण शून्य करू नका.

ताबा घेताना पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहा, मिनिटासकट, आणि मीटरचा आकडा. त्या दिवशी सकाळी कॅमेऱ्याने काढलेलं चलान संध्याकाळी दिसतं. ते कोणाचं, हे फक्त त्या वेळेवरून ठरतं. दोन्ही चाव्या मागा, आणि नंबर प्लेट मूळ एचएसआरपीच आहे का बघा. खाली डाव्या कोपऱ्यातला लेझरचा नंबर वाचता आला पाहिजे.

कर्वेनगरी
लिहून घेतलं. मंगळवारी स्कॅनला गाडी न्यायची ठरलीये, विकणारा तयार झाला. कोड आला की इथेच टाकतो.