सुट्टीत आलेल्या भाचरांना घरकाम सांगावं का?

शेवंती, अकोला

दर मे महिन्यात आमच्याकडे भाचे-पुतणे राहायला येतात. यंदा दोन्ही नणंदांची मुलं आहेत, दिराची मुलगी आहे. मोठी माणसं धरून जेवायला दहा-बारा पानं होतात. मुलांनी यावं, महिनाभर राहावं, याबद्दल माझ्या मनात काडीचीही शंका नाही. माझी मुलं वर्षभर या दिवसांची वाट बघतात. माझा प्रश्न कामाचा आहे.

यंदा मुलं आली त्याच संध्याकाळी सगळ्यांना एकत्र बसवून सांगितलं. सहा वर्षांवरच्या प्रत्येकाने आपलं ताट-वाटी उचलून मोरीत ठेवायची, सकाळी आपली गादी गुंडाळायची, ओला टॉवेल दोरीवर टाकायचा, आणि माठ भरायची पाळी लावून घ्यायची. बास. सासूबाईंना हे अजिबात रुचलं नाही. "चार दिवस आजोळी आलेल्या लेकरांना कामाला जुंपतेस?" म्हणाल्या. नणंद काही बोलली नाही, पण तिचा चेहरा उतरला.

माझ्या डोळ्यांसमोर माझी मुलगी आहे. ती नऊ वर्षांची. घरात पाहुणे आले की हाका तिलाच. "दादाला पाणी दे गं", "दादाचं ताट उचल". दादा बारा वर्षांचा आहे, तिच्यापेक्षा धट्टाकट्टा आहे आणि तिच्याच शेजारी बसून जेवलेला आहे. तिने मला विचारलं की मीच का, तर मी काय सांगू? तो पाहुणा आहे म्हणून? मग ती तिच्या आजोळी जाते तेव्हा तिथेही मामी तिलाच हाक मारते, त्याचं काय?

त्यात आमच्याकडचा उन्हाळा. पारा 44-45 वर गेलेला, नळ रोज येत नाहीत, काटेपूर्णा धरणात पाणी किती उरलं याची चर्चा घरोघरी. कुलरलाच रोज किती बादल्या लागतात. हे सगळं एका-दोघींच्या जिवावर कसं निभावायचं? तुमची मतं सांगा. माझं चुकतंय असं वाटत असेल तर तेही सांगा, पण कारणासकट.

मालतीकाकू, वाई

शेवंती, तुझ्या मुलीबद्दलचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. तिला एकटीला हाका मारणं आजच बंद कर. पण त्यावरचा तुझा उपाय मला पटत नाही.

आजोळ ही मुलाच्या आयुष्यातली एकच जागा असते, जिथे त्याच्याकडून कुणाची काही अपेक्षा नसते. वर्षभर शाळा, शिकवणी, परीक्षा, आईबाबांच्या नोकरीच्या वेळा. इथे उशिरा उठावं, अंगणात लोळावं, आंब्याची कोय चोखत बसावं. तेही आपण पाळ्या लावून बसवलं तर मुलांना आजोळ आणि शाळा यांत फरक काय कळणार?

दुसरं जास्त महत्त्वाचं. पाहुण्या मुलाला सांगितलेलं काम शेवटी त्याची आई करते. मी उभा जन्म हेच बघत आले. मुलगा ताट तसंच ठेवून पळतो आणि माहेरी आलेली लेक संकोचून उठते, त्याचं उचलते, मग ओघाने सगळ्यांचं उचलते, मग घासायलाच बसते. सासरी अकरा महिने तेच केलेलं असतं तिने. तुझ्या नणंदेचा चेहरा उतरला तो मुलाच्या काळजीने नसेल, आता आपल्यालाही उठावं लागणार म्हणून उतरला असेल.

काम वाटण्याआधी ते कमी कर ना. दुपारी वरण-भात, आमरस, कांद्याची कोशिंबीर. संध्याकाळी थालीपीठ किंवा खिचडी. पोळ्या एकाच वेळच्या. रोज दोन भाज्या आणि चारला तळण हवंय कुणाला?

नदीकाठ, नांदेड

स्वतःचं ताट उचलण्यात कसली आली जुंपणी? शेवंतीताईंना पूर्ण पाठिंबा.

दूरची_लेक, पुणे

मी यातल्या नणंदेच्या जागी असते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझी मुलं घरी ताटं उचलतात. कपडे मशिनला लावणं मोठ्याला जमतं. त्यामुळे काम सांगितलं याचं दुःख नाही. सल असतो तो सांगण्याच्या रीतीचा. पहिल्याच संध्याकाळी, प्रवासाचा शीण उतरायच्या आत, सगळ्यांसमोर नियम वाचले गेले की मुलांना आणि आईला एकच गोष्ट ऐकू येते, की आपलं येणं जड झालंय. हे घर आता आईचं राहिलेलं नाही, वहिनीचं आहे, हे आम्हा मुलींना ठाऊक असतं. ते तिचंच असावं, राबते ती. पण उंबऱ्यात पाऊल टाकताच ते जाणवून द्यायची गरज नसते.

वहिनीने मला आदल्या दिवशी फोनवर सांगितलं असतं, की "ताई, यंदा पाण्याची फार ओढ आहे, मुलांना येताना जरा समजावून आणा", तर मी गाडीतच मुलांना सगळं पढवलं असतं. आमची मुलं नळ सोडला की पाणी येतं अशा घरात वाढतात. तांब्याने मोजून आंघोळ करायची असते हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. ती उधळपट्टी करतात ती माहीत नसल्यामुळे, आणि मग "शहरातली पोरं" म्हणून बोलणी खातात.

मालतीकाकू, तुमचं माहेरपणाचं वाचून डोळे भरले. पण खरं सांगते, वहिनी घामाघूम होऊन पोळ्या लाटत असताना मला पंख्याखाली बसवत नाही. तसल्या विश्रांतीला काही अर्थ नाही.

शेवंती, अकोला

दूरची_लेक, आधी फोन करायला हवा होता हे मान्य. पण मालतीकाकू म्हणतात तेच फोनवरही झालं असतं. नणंदेला सांगितलं की ती मुलांना सांगण्याऐवजी स्वतः कामाला लागते. म्हणून मी थेट मुलांशी बोलले, आणि माझ्या मुलांना त्यांच्याच रांगेत बसवून बोलले. पाहुण्यांसाठी वेगळा नियम केलेला नाही.

काकू, स्वयंपाक कमी करायचं म्हणता, तर चारचं तळण मी बंदच केलंय. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या उष्णतेच्या सूचनांतही भर उन्हाच्या वेळी स्वयंपाक टाळा आणि स्वयंपाकघराची दारं-खिडक्या उघडी ठेवा असं म्हटलं आहे. मी सकाळी दहाच्या आत दोन्ही वेळचं बरंचसं उरकते. पण "मामी, आज भजी" असं म्हटल्यावर सासूबाईंना नाही म्हणवत नाही, आणि कढईपुढे मी असते.

एक_बाबा, ठाणे

सगळी चर्चा बायका आणि मुलं यांच्यातच चालली आहे. घरातले पुरुष कुठे आहेत? शेवंतीताईंच्या घरी नवरा, दीर, सासरे असतील, शनिवार-रविवारी जावईही येत असतील. त्यांच्या ताटांचं काय?

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचं 2024 चं वेळ-वापर सर्वेक्षण आहे. सहा वर्षांवरच्या लोकांमध्ये घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी 289 मिनिटं घालवतात आणि पुरुष 88. बायकांचे जवळजवळ पाच तास, पुरुषांचा दीड. आणि हे 88 सुद्धा जे काही काम करतात अशाच पुरुषांचे. काहीच न करणारे त्या सरासरीत नाहीत. 2019 ला हेच आकडे 299 आणि 97 होते. म्हणजे मधल्या पाच वर्षांत पुरुषांचा वाटा वाढण्याऐवजी थोडा घटलाच.

बारा वर्षांच्या भाच्याला मामीने काम सांगितलं तर त्याला ती शिक्षा वाटेल. त्याच पंगतीत मामा स्वतःचं ताट घेऊन उठला, येताना आजोबांचंही घेऊन गेला, तर भाच्याला कुणी काही सांगावंच लागणार नाही. आमच्याकडे सुट्टीत रात्रीचं मागचं आवरणं माझ्याकडे आणि मेहुण्यांकडे असतं: ओटा पुसणं, भांडी लावणं, दूध विरजणं. मुलं आपणहून घुटमळायला येतात, कारण तिथे गप्पा चालतात.

वऱ्हाडी_गडी, अमरावती

बाबासाहेब, ठाण्यात हे जमत असेल. आमच्याकडे मे महिना म्हणजे वावरात नांगरटी, वखरटीचा. पाऊस यायच्या आत रान तयार पाहिजे, बियाण्याची-खताची सोय पाहिजे. पहाटे गेलेला माणूस अकरा वाजता भाजून येतो अन् संध्याकाळी परत जातो. त्याने ताट उचललं नाही म्हणून त्याला मुलांपुढे आळशी ठरवू नका. तो घराकरताच राबतो.

मुलांना मात्र काम सांगावं. आमच्या वाड्यात पोरगा-पोरगी पाहत नाही, जो समोर दिसेल त्याला सांगतो.

एक_बाबा, ठाणे

वावरात राबणाऱ्याला आळशी म्हणायची माझी छाती नाही. त्या सर्वेक्षणात कमाईच्या कामाचे तास वेगळे मोजलेले आहेत, तिथे पुरुषांचे तास जास्त आहेत, हेही खरं. पण वावरात निंदायला, वेचायला जाणारी बाई परत येऊन चूल पेटवते. तिला अकरा वाजता आयतं ताट कोण वाढतं?

वऱ्हाडी_गडी, अमरावती

हे तुमचं बरोबर आहे.

तारतंत्री, चंद्रपूर

कामं जरूर द्या, पण कोणती द्यायची नाहीत ते नीट ठरवा. मी विजेची कामं करतो आणि दर उन्हाळ्यात विदर्भात कुलरचा शॉक लागून माणसं दगावल्याच्या बातम्या येतात. लोखंडी पत्र्याचा कुलर, खाली सांडलेलं पाणी, अनवाणी मूल, जोडीला अर्थिंगचा पत्ता नाही. कुलरमध्ये पाणी भरणं हे मुलांचं काम नाही, कितीही हट्ट करोत. मोठ्यांनीही आधी बटण बंद करून प्लग काढायचा, मग पाणी. नवी मुलं घरात आली की त्यांना पहिल्या दिवशी कुलर दाखवून सांगा: चालू असताना हात लावायचा नाही. शहरातून आलेल्या मुलांनी असा कुलर पाहिलेलाही नसतो.

आणि पाणी साठवलेल्या बादल्या, टीप, जमिनीतली टाकी. रांगतं किंवा नुकतं चालायला लागलेलं मूल बादलीत डोक्यावर पडलं तर त्याला उलटं होऊन बाहेर येता येत नाही. थोडं पाणीही पुरतं. नळ आला की घरभर बादल्या भरल्या जातात, त्याच वेळी सगळ्यांचं लक्ष नळाकडे असतं. झाकण लावा, दाराला कडी घाला.

शेवंती, अकोला

हे फार महत्त्वाचं लिहिलंत. धाकट्या नणंदेचा मुलगा दीड वर्षाचा आहे. यावरून आणखी एक. धाकट्यांकडे लक्ष ठेवणं हे घरात कुणी काम म्हणून धरतच नाही. "ताई आहे ना, बघेल ती." ही ताई म्हणजे पुन्हा माझी नऊ वर्षांची मुलगी. दीड वर्षाच्या मुलाची जबाबदारी नऊ वर्षांच्या मुलीवर टाकू नये, असं मी घरात बजावलं आहे, आणि त्यावरून मात्र कुणाचंही ऐकणार नाही.

रेखा, डोंबिवली

एक माणूस राहूनच गेलं: आपल्याकडे भांड्यांना येणाऱ्या मावशी. चार माणसांच्या भांड्यांवर पगार ठरलेला असतो आणि मे महिन्यात दहा जणांची भांडी पडतात. आमच्या इमारतीत बऱ्याच घरी एखादी साडी किंवा आंब्यांची पिशवी देऊन भागवतात. त्या महिन्याचा पगार वाढवून द्यावा, तोही पाहुणे यायच्या आधी बोलून. आणि त्यांच्या मुलांनाही याच दिवसांत सुट्टी असते, त्यांनाही गावी जायचं असतं, हे धरून चालावं.

बाकी वन बीएचकेमध्ये आठ माणसं झोपली की गाद्या गुंडाळणं हे काम राहत नाही. गाद्या उचलल्याशिवाय स्वयंपाकघराकडे जाताच येत नाही. आमच्या पाहुण्या मुलांना कुणी न सांगता जमतं ते.

परदेशी_पाखरू, न्यू जर्सी

आमच्या मुलांच्या शाळा जून उलटता उलटता सुटतात. आम्ही पोचतो तेव्हा आंबा संपलेला आणि तिथल्या शाळा सुरू झालेल्या. भावंडं दिवसभर शाळेत, आमची मुलं आजीजवळ. तिने तांदूळ निवडायला, लसूण सोलायला बसवलं, म्हणून मुलांना आजीशी बोलायला विषय मिळाला. नाहीतर दोघांची भाषा धड जुळत नव्हती. माझं मत काम सांगण्याच्या बाजूने.

अंगण, सांगली

मालतीकाकूंनी कामं कमी करा म्हटलं, त्याला माझा विरोध आहे. कुरडया, पापड्या, बटाट्याचा कीस यांना काटछाट करून सुट्टीत उरतं काय? मोबाइल. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक गाळायचा, रात्रभर निवळू द्यायचा. पहाटे तो शिजत असताना मुलं वाटी घेऊन उभी असतात, गरम चीक दूध-साखर घालून खायला. सोऱ्या दाबायला भांडणं होतात. दिवसभर गच्चीवर कावळे राखायचे. या वयात हे हाताने केलेलं मूल जन्मभर विसरत नाही, आणि ते खाताना टाकत नाही.

मालतीकाकू, वाई

अंगण, मुलं वाटी घेऊन उभी असतात तेव्हा चीक कोण ढवळत असतं? गुठळी होऊ नये म्हणून पातेल्यापाशी दोघी बायका घामाने निथळत असतात, आदल्या रात्री बारापर्यंत जागलेल्या. मी पुष्कळ वर्षं केल्या कुरडया. करायच्या तर मुलं यायच्या आधी, एप्रिलात कराव्यात, किंवा सरळ बचत गटाच्या बायकांकडून घ्याव्यात. त्यांनाही चार पैसे मिळतात. मुलांना मजा हवी असेल तर साबुदाण्याच्या पापड्या घाला. प्लास्टिकवर पळीने घालायच्या असतात, सहा वर्षांच्या मुलालाही जमतात.

दूरची_लेक, पुणे

शेवंती, मग आता काय ठरवताय?

शेवंती, अकोला

नवऱ्याशी आणि दिराशी बोलले आहे. आजपासून रात्रीची पंगत मुलांची आणि पुरुषांची एकत्र बसेल आणि उठताना सगळे आपापलं ताट उचलतील. दिराने कुरकुर केली, पण हो म्हणाला. कुलर नवरा भरेल, प्लग काढून. नणंदेला सकाळच्या कामात मी हात लावू देणार नाही, संध्याकाळी पोळ्या दोघी मिळून करू. माठाची पाळी मुलांकडेच राहील, त्यात बारा वर्षांचा दादा पहिला.

मालतीकाकू, वाई

ताटांचं ठरवलंस ते उत्तम. माठाची पाळी मला अजून खटकते. तुझ्या सासूबाईंना विचार, दादासोबत त्या उभ्या राहतील का. आजीच्या हाताखाली माठ भरायला माझी ना नाही. भिंतीवरच्या कागदात नाव बघून भरायला आहे.

शेवंती, अकोला

कागद लावलेला नाही, काकू. तोंडीच आहे. सासूबाईंना विचारते.