युलिपचे युनिट हिशेबात बसत नाहीत, मदत हवी आहे

नदीकाठ: आईच्या नावावर युलिप आहे, म्हणजे विमा आणि बाजारातली गुंतवणूक एकत्र असलेली पॉलिसी. वय ५२, वर्षाचा हप्ता ६०,०००, विमा रक्कम ६ लाख. मृत्यू झाल्यास विमा रक्कम किंवा फंड व्हॅल्यू, जे जास्त असेल ते मिळणार. पैसे इक्विटीत (शेअर) ७० टक्के, डेटमध्ये (रोखे) ३०. तिसऱ्या हप्त्याची तारीख २२ नोव्हेंबर होती. चेक म्हापशाच्या शाखेत २ डिसेंबर २०२५ ला दुपारी चार वाजता दिला. त्या दिवशी इक्विटी फंडाची एनएव्ही (एका युनिटची किंमत) ३१.५०, म्हणजे ४२,००० चे १,३३३.३३ युनिट व्हायला हवे. स्टेटमेंटमध्ये १,२६० आहेत आणि एनएव्ही ४ तारखेची लावलीय, ३२.००. साइटवर ३ तारखेची ३१.८० दिसते, ती का नाही धरली? शिवाय २२ डिसेंबरला दोन्ही फंडांतले थोडे थोडे युनिट गायब. फंड मॅनेजमेंट चार्ज म्हणतात तो हाच का? एजंटाला विचारलं तर ‘बाजार वर गेला की भरून येतं’ एवढंच.

कुळागर: एजंटाचं उत्तर सोडा, तुमचे ७३.३३ युनिट दोन ठिकाणी गेलेत.

पहिलं ठिकाण अ‍ॅलोकेशन चार्ज. हा हप्त्यातूनच जातो, युनिट घेण्याआधी. तुमचे आकडे ४ टक्क्यांशी जुळतात. ६०,००० मधून २,४०० गेले, उरले ५७,६००, त्याचे ७० टक्के ४०,३२०. भागिले ३१.५० केले की १,२८०. म्हणजे ५३.३३ युनिट इथे गेले.

दुसरं ठिकाण तारीख. ४०,३२० भागिले ३२ बरोबर १,२६०. उरलेले २० युनिट त्या दोन दिवसांचे.

आधीच्या दोन हप्त्यांची स्टेटमेंटं शेजारी ठेवून बघाल तर तिथे कपात थोडी जास्त दिसेल, घाबरू नका. तेव्हा चार्जवर १८ टक्के जीएसटी होता, २,४०० वर ४३२ रुपये. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक जीवन विम्यावरचा जीएसटी उठला. त्यानंतरच्या कपातीत जीएसटीची ओळ आली तर मात्र लगेच विचारा.

चवथीचीमाटोळी: २२ तारखेची कपात फंड मॅनेजमेंट चार्जची नव्हे. तो चार्ज रोज एनएव्ही जाहीर होण्याआधीच वजा होतो. फंडातल्या गुंतवणुकीची बाजारकिंमत अधिक चालू मालमत्ता, वजा देणी आणि तरतुदी, भागिले एकूण युनिट, ही झाली एनएव्ही. चार्ज त्या वजाबाकीत धरलेला असतो. कमाल मर्यादा वर्षाला १.३५ टक्के. १,८०,००० च्या फंडावर वर्षाचे २,४३०, दिवसाला साडेसहा रुपयांच्या वर. युनिट गुणिले एनएव्ही करून त्यातून हा चार्ज पुन्हा वजा करणारे पुष्कळ भेटतात. तसं करू नका, ती दुहेरी वजाबाकी होते.

दरमहा युनिट मोडून घेतात ते दोन चार्ज: पॉलिसी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन (महिन्याला जास्तीत जास्त ५०० रुपये) आणि मॉर्टॅलिटी (विमा संरक्षणाची किंमत). पॉलिसीची महिन्याची तारीख २२, म्हणून २२ लाच. मॉर्टॅलिटी पूर्ण ६ लाखांवर लागत नाही, जोखमीच्या रकमेवर लागते, म्हणजे विमा रक्कम वजा फंड. फंड १,८०,००० धरला तर जोखीम ४,२०,०००. तुमच्या तक्त्यात ५२ व्या वर्षाचा दर बघा. उदाहरणापुरता हजारी ४.८० धरतो. ४२० गुणिले ४.८० म्हणजे वर्षाला २,०१६, महिन्याला १६८. त्यात अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचे समजा १००. झाले २६८.

हे फंडांच्या किमतीच्या प्रमाणात विभागतात. इक्विटीतून १८७.६० भागिले ३२, म्हणजे ५.८६२५ युनिट. डेटमधून ८०.४० भागिले २४, म्हणजे ३.३५. स्टेटमेंटमध्ये चार दशांश स्थळं असतात ती याचसाठी, गोलाकार करून तपासलंत तर जुळणार नाही.

कुळागर: आणि हे उलटंही फिरतं. बाजार पडून फंड १,६०,००० झाला की जोखीम ४,४०,०००, मॉर्टॅलिटी १७६. शिवाय एनएव्ही उतरलेली असताना तेवढ्याच रुपयांसाठी जास्त युनिट मोडावे लागतात. आज फरक आठ रुपयांचा आहे, पण पासष्टीनंतर दर चढला की हा प्रकार बोचतो.

एक नियम ध्यानात असू द्या. मृत्यूनंतरची रक्कम भरलेल्या एकूण हप्त्यांच्या १०५ टक्क्यांहून कमी असू शकत नाही. दहा हप्ते भरले की ६ लाखांचे १०५ टक्के ६.३० लाख. तिथून पुढे जोखीम ६ लाखांतून नव्हे, या आकड्यातून फंड वजा करून काढतात. फंड दोन्हींच्या वर गेला की मॉर्टॅलिटी शून्य.

नदीकाठ: हे कळलं. तारखेचं?

चवथीचीमाटोळी: दुपारी ३ पर्यंत आलेल्या स्थानिक चेकला त्या दिवसाची बंद एनएव्ही, नंतर आलेल्याला पुढच्या कामकाजाच्या दिवसाची. तुम्ही चारला दिलात, म्हणून ३१.५० वर हक्क नाही. आता प्रश्न ३ डिसेंबरचा. गोव्यात सेंट झेवियरच्या फेस्ताची सुटी, बँका आणि शाखा बंद. पण मुंबईचा बाजार चालू होता, म्हणून तर साइटवर त्या दिवसाची एनएव्ही आहे. निकाल पॉलिसी दस्तऐवजातल्या व्याख्यांच्या पानावर. ‘कामकाजाचा दिवस’ म्हणजे शेअर बाजार चालू असलेला दिवस एवढंच लिहिलं असेल तर ३१.८० मिळायला हवी. कंपनीचं कार्यालय किंवा बँकाही चालू हव्यात असं असेल तर ४ तारीख बरोबर.

पुढच्या वर्षी हप्ता लवकर देऊन हे टळेल असं वाटेल, पण आगाऊ हप्त्याचे युनिट देय तारखेलाच मिळतात.

रानआवळा: मध्येच विचारतो. कंटाळून आत्ताच बंद केली तर?

कुळागर: बंद करण्याचा चार्ज कापतात. तिसऱ्या वर्षी, हप्ता ५०,००० च्या वर असेल तर, वार्षिक हप्ता आणि फंड यांतल्या लहान रकमेच्या ३ टक्के, कमाल ४,०००. यांच्या बाबतीत १,८००. उरलेले पैसे हातात येत नाहीत. पाच वर्षं पुरी होईतो डिस्कंटिन्युड फंडात (बंद केलेल्या पॉलिसींच्या वेगळ्या फंडात) राहतात, किमान ४ टक्के दराने. विमा संरक्षण मात्र त्या दिवसापासून संपतं.

नदीकाठ: व्याख्या सापडली. फक्त शेअर बाजाराचा उल्लेख आहे, कार्यालयाचा नाही.

चवथीचीमाटोळी: मग ४०,३२० भागिले ३१.८० म्हणजे १,२६७.९२. तुमचे ७.९२ युनिट बाकी आहेत, अडीचशे रुपयांच्या आसपास. वेळेचा शिक्का असलेली पावती, व्याख्येच्या पानाची प्रत आणि ही एक ओळीची वजाबाकी जोडून कंपनीच्या तक्रार विभागाला ईमेल करा. डेट फंडाचंही तसंच तपासून त्याच पत्रात घाला. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर विमा लोकपाल. गोव्यासाठी मुंबईचं कार्यालय.

नदीकाठ: पावतीवर वेळ १६:०५ आहे. आज पाठवतो. देव बरें करूं.