जुन्या पिकअपला कंपनीच्या मूळ साइड स्टेप बसवल्या असतील, तर अनुभव सांगा

माझी पिकअप २००९ ची, डबल कॅब (चार दारांची, मागेही पूर्ण सीट), साध्या ट्रिमची, म्हणजे कमी सोयींच्या आवृत्तीची. वरच्या ट्रिमला कंपनीकडूनच साइड स्टेप (दाराखाली चढायला असते ती पायरी) यायच्या, माझ्या गाडीला नव्हत्या. आता भंगारात निघालेल्या तशाच एका गाडीच्या मूळ स्टेप ब्रॅकेटसकट मिळताहेत. बाहेरून मिळणाऱ्या चकचकीत पाइपांची चर्चा इथे नको. जुन्या गाडीला मूळ स्टेप बसवताना प्रत्यक्ष काय काय झालं, तेवढंच हवं. बसवून नंतर काढून टाकल्या असतील तर तेही जरूर लिहा.

तेराचा पाना
स्टेप बघायला जाण्याआधी स्वतःच्या गाडीखाली आडवे व्हा. एका मॉडेलच्या वरच्या-खालच्या ट्रिमना चासी (खालचा सांगाडा) आणि कॅब (माणसं बसतात तो भाग) बहुधा एकच असते. त्यामुळे स्टेप नसलेल्या गाडीलाही भोकं आणि आत वेल्ड केलेले नट तयार असू शकतात, वर रबरी किंवा प्लॅस्टिकची बुचं. माझ्या गाडीला सगळी होती. बुचं काढली तर आतून माती, गंजाचा भुगा आणि कसल्याशा किड्याचं घर निघालं.

खरं काम तिथेच आहे. स्टेप उचलून लावायला वेळ लागत नाही, आटे साफ करण्यात दिवस जातो. आधी वायर ब्रश, मग गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर तसंच ठेवा, मग टॅप (आटे पाडायचं, साफ करायचं हत्यार). टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, असा. पिच (दोन आट्यांमधलं अंतर, मिमीत) तपासून घ्या: एम८ ला (८ मिमी जाडीच्या बोल्टला) सहसा १.२५ असते, पण एम१० मध्ये १.५ आणि १.२५ दोन्ही चालतात, आणि जपानी गाड्यांत १.२५ सर्रास दिसते. चुकीचा टॅप घातलात तर चांगले आटेही जातील. त्यानंतर बोल्ट नुसत्या बोटांनी चार-पाच आटे आत गेला, तरच पान्याला हात लावायचा.

चिखलगाडी
वरच्या प्रतिसादाला जोडून. आमच्या गाडीत आटे साफ होते, पण गंजाने नटाचं वेल्डच खाल्लं होतं. बोल्ट अर्धा आत गेला आणि आतला नट गरगर फिरायला लागला. धड आत जाईना, धड बाहेर येईना. बंद पोकळीत पाना घालायला जागा नाही. शेवटी बोल्टचं डोकं कापलं, भोक थोडं मोठं केलं आणि रिव्हेट नट (बाहेरूनच भोकात दाबून बसवायचा नट) बसवला. रिव्हेट नट चांगला धरतो, फक्त भोवतालचा पत्रा निरोगी हवा. पेचकसाच्या मुठीने ठोकून बघा. खणखणीत आवाज आला तर ठीक, भद्द आला तर आधी पत्र्याचं काम करून घ्या आणि स्टेपचं नंतर बघा. माणूस पूर्ण वजनाने त्या पत्र्यावर उभा राहणार आहे.

लांब पल्ला
कॅबचा प्रकार जुळतो का ते आधी पाहा. सिंगल कॅब (एकच सीटची रांग), एक्स्ट्रा कॅब (मागे थोडी जास्त जागा), डबल कॅब या तिघांच्या स्टेप वेगवेगळ्या लांबीच्या आणि ब्रॅकेटच्या जागाही वेगळ्या. मागच्या हौद्याच्या लांबीने बहुतेकदा फरक पडत नाही, कारण स्टेप कॅबपुरतीच असते. पण काही मूळ स्टेप पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जातात, तिथे हौदाही मोजावा लागतो.

नाव तेच म्हणून माल तोच, असंही नाही. टोयोटा हायलक्सची २०१५ च्या आधीची पिढी आणि नंतरची पिढी, दोन्ही हायलक्सच, पण बॉडी निराळी. २०११ च्या सुमारास आलेल्या फोर्ड रेंजर आणि माझदा बीटी-५० ची खालची बांधणी एक, वरचा पत्रा वेगळा. अशा वेळी "बसेल हो" म्हणणाऱ्यावर न जाता पार्ट नंबर जुळवा. ब्रॅकेटवर बहुधा डावा-उजवा आणि पुढचा-मागचा असे शिक्के असतात. ते दिसत असतील तर काढतानाच फोटो घेऊन ठेवा. मला आलेल्या संचात मधला एक ब्रॅकेट दुसऱ्या बाजूचा निघाला होता.

कुरकुर
ब्रॅकेट कशाला धरतो ते नीट बघा. पिकअपची कॅब चासीवर रबरी माउंटवर बसलेली असते, म्हणजे रस्त्यावर ती चासीच्या मानाने थोडी हलत राहते. कंपनीची स्टेप एकतर पूर्ण कॅबला धरते किंवा पूर्ण चासीला. माझ्या गाडीत आधीच्या मालकाने एक भोक सापडेना म्हणून पुढचे ब्रॅकेट कॅबच्या कडेला आणि मागचे चासीला लावून दिले होते. प्रत्येक खड्ड्यात कुरकुर, आणि पुढे ब्रॅकेटला वेल्डपाशी तडा. सगळे ब्रॅकेट एकाच अंगाला घेतल्यावर आवाज गेला.

(धागाकर्ता)
आज गाडीखाली जाऊन आलो. उजवीकडची बुचं सगळी सापडली. डावीकडे एका जागी बूच नाही, तिथे काळ्या अंडरकोटिंगचा (गाडीखालच्या गंजरोधक लेपाचा) जाड थर आहे. भोक आहे की नाही कळत नाही. सरळ ड्रिल मारू का?

तेराचा पाना
नका मारू! उजवीकडचं माप घ्या, डावीकडे त्याच जागी प्लॅस्टिकच्या पट्टीने थर खरवडा. भोक असेल तर तिथेच असेल. आणि डाव्या बाजूला तर विशेष जपा, कित्येक गाड्यांत ब्रेकचे आणि इंधनाचे पाइप, वायरिंग चासीच्या आतल्या अंगाने जातं. आंधळेपणाने ड्रिल घातलं तर काय फुटेल सांगता येत नाही. चासीवर वेल्डिंगही नको, कुणी कितीही आग्रह केला तरी.

दोन धातू
माझी फोर्डची एफ-१५० पिकअप. या गाडीची बॉडी २०१५ च्या मॉडेलपासून ॲल्युमिनियमची आहे, आणि हातात आलेले ब्रॅकेट पोलादी. पोलाद आणि ॲल्युमिनियम उघडे एकमेकांना टेकले आणि खारं पाणी मिळालं की ॲल्युमिनियम झिजतं, पांढरी भुकटी दिसू लागते. ब्रॅकेटवरचा रंग जिथे उडाला होता तिथे पुन्हा कोटिंग करून घेतलं, टेकणाऱ्या जागी नायलॉनचे वॉशर घातले. जुन्या पोलादी गाडीवर ॲल्युमिनियमच्या स्टेप लावणाऱ्यांनाही हेच लागू, फक्त झिजणारी बाजू उलट. घाईत स्टेनलेसचे बोल्ट घालू नका, ॲल्युमिनियमसोबत त्यांचंही जमत नाही.

मागच्या सीटवरून
मी गाडी चालवत नाही, बसते. आईंचे गुडघे दुखतात, त्यांच्यासाठी स्टेप घेतल्या. सगळे बोल्टांबद्दल लिहिताहेत म्हणून पायाबद्दल लिहिते. काही मूळ स्टेप इतक्या अरुंद आणि गाडीला चिकटून असतात की नुसती बोटं टेकतात. विकत घेण्याआधी स्टेप दाराखाली धरून त्यावर पाऊल ठेवल्यासारखं करून बघा, टाच किती बाहेर राहते ते. जुन्या स्टेपवरचं रबर गुळगुळीत झालेलं असतं, पावसात पाय सटकतो. आम्ही पॅड नवे घेतले, ते वेगळे मिळाले. आणि नुसती स्टेप पुरत नाही, वर धरायला मूठ हवी. आमच्या साध्या ट्रिमला दाराच्या खांबावर मूठच नव्हती, तिची भोकं मात्र होती! आता त्या स्वतः चढतात, उतरताना मात्र अजून माझा हात लागतो.

दगडधोंडे
मी काढून टाकल्या. माझी गाडी बरीच कच्च्या वाटेवर असते. स्टेप खाली आली की उंचवट्याच्या माथ्यावर गाडीचं पोट टेकण्याआधी स्टेप टेकते. एकदा वाकली की दार उघडताना घासते. स्टेपखाली जॅक लावायचा नसतो, ती त्यासाठी बनलेलीच नाही. ज्यावर गाडी उचलता येते ते रॉक स्लायडर, ती वस्तू वेगळी. शिवाय कॅबच्या आणि स्टेपच्या मधल्या फटीत चिखल साचतो आणि वाळेपर्यंत पत्रा ओला राहतो. शहरात गाडी फिरवणाऱ्यांनी माझं मनावर घेऊ नये.

बूच हरवलेला
चिखलावरून आठवलं. पाइपवाल्या मूळ स्टेपच्या टोकांना प्लॅस्टिकच्या टोप्या असतात. भंगारातून येताना हमखास एखादी गायब. तिथून पाणी शिरतं, पाइप आतून सडतो, बाहेरून रंग शाबूत. घेताना स्टेप उभी करून हलवून बघा. आत गंज खुळखुळला तर सोडून द्या, कितीही स्वस्त असो. चांगली निघाली तर आत पोकळीत मारायचं मेण फवारा आणि खालचं पाणी निघायचं भोक मोकळं आहे ना ते बघा.

स्विचवाला
दार उघडलं की बाहेर येणाऱ्या मोटरच्या स्टेप जुन्या गाडीवर लावायचा कुणी विचार करत असेल तर: यांत्रिक भाग सोपा, वायरिंग डोकं खाणारं. दार उघडल्याचा सिग्नल कुठून घ्यायचा, कंट्रोल बॉक्स तुमच्या गाडीच्या यंत्रणेशी बोलतो का, हे आधी शोधा. सांध्यात माती अडकली की मोटरवर ताण येतो. मी साध्या, न हलणाऱ्या स्टेपवर परत आलो.

तेराचा पाना
धागाकर्त्यासाठी शेवटचं. आधी सगळे बोल्ट सैलच ठेवा, स्टेप दाराच्या खालच्या कडेला समांतर आली की मग मधल्या ब्रॅकेटपासून कसत जा. टॉर्क (बोल्ट किती जोराने कसायचा ते माप) मॅन्युअलमधला घ्या. कोरड्या, ८.८ ग्रेडच्या (ताकदीचा हा आकडा डोक्यावर कोरलेला असतो) एम८ बोल्टला साधारण २५ न्यूटन-मीटर धरतात, पण आट्यांना तेल किंवा ग्रीस लावलंत तर तेवढाच टॉर्क जास्त ताण देतो, म्हणून कमी करा. पुढचं चाक दोन्हीकडे पूर्ण वळवून टायर स्टेपला लागत नाही ना तेही बघा, टायर मूळ मापाहून मोठे असतील तर नक्कीच. काही आठवडे गाडी चालली की बोल्ट एकदा पुन्हा तपासा, मधला हमखास सैल मिळेल.