मुलगी म्हणते, "मी ढच आहे"

प्रश्न:
मुलगी 14 वर्षांची. पूर्वी गणितं हौसेने सोडवायची. आता वही उघडली की पोटात दुखतं, दार आपटतं. शिक्षक म्हणतात, आळस. आळशी माणूस असा रडतो का? सुरुवात कुठून करू?

उत्तर १:
ताई, मी शाळेत समुपदेशक आहे. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने 1977 मध्ये मांडलं की "मला जमेल" हा विश्वास चार वाटांनी येतो: स्वतः करून जमणं, आपल्यासारख्याला जमताना पाहणं, इतरांनी धीर देणं आणि शरीर-मनाची त्या वेळची अवस्था. पहिली वाट सगळ्यांत भक्कम. म्हणून "तू हुशार आहेस" हा जप थांबवा, तिला तो खोटाच वाटत असणार. मागच्या इयत्तेतली, नक्की सुटतील अशी गणितं द्या आणि हळूहळू चढ वाढवा. सुटलं की "कसं केलंस?" एवढंच विचारा. आणि पोटदुखी नाटक समजू नका. या वयात चिंता बऱ्याचदा पोटदुखी, अपुरी झोप, चिडचिड अशीच बाहेर पडते.

उत्तर २:
पोटदुखीसाठी आधी डॉक्टरांना दाखवा, बाकी नंतर. वर्गात कुणी चिडवतं का, हेही बघा. आमच्या चिरंजीवांचं गणित तिथेच अडलं होतं.

प्रश्नकर्ती:
चिडवण्याचं डोक्यातच आलं नव्हतं. तिची जागा नुकतीच बदललीय. आज विचारते, पण जेवणानंतर. भुकेली असली की वकिलासारखी भांडते.

उत्तर १:
समोर बसवून नको, भांडी आवरताना विचारा. खाणं-झोप बिघडलेलीच राहिली किंवा "जगून काय करू" असं काही बोलली, तर लगेच मानसोपचारतज्ज्ञ गाठा.