बॉयसी स्टेट : खरंच मोठी टीम की नुसता निळ्या मैदानाचा गाजावाजा?

बॉयसीवाला (धागाकर्ता) :
परवा आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने ठोकून दिलं की बॉयसी स्टेट म्हणजे निळं मैदान आणि दुबळ्या टीम्सना बदडून जमवलेले आकडे, बाकी काही नाही. तिथे सणासुदीला भांडण नको म्हणून गप्प बसलो, पण इथे बोलतो. माझं म्हणणं असं की अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये इतक्या खालून इतक्या वर आलेली दुसरी टीम दाखवा, आणि ती वर येऊ नये म्हणून बड्या कॉलेजांनी जेवढी दारं लावून घेतली तेवढी दुसऱ्या कुणाच्या तोंडावर लावलेली नाहीत.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९३२ ला बॉयसी स्टेट हे आयडाहो राज्यात दोन वर्षांचं ज्युनियर कॉलेज म्हणून सुरू झालं, चर्चने काढलेलं. १९५८ ला ज्युनियर कॉलेजांमध्ये देशात पहिले आले. चार वर्षांचं कॉलेज झालं १९६५ ला, युनिव्हर्सिटी १९७४ ला. १९८० ला खालच्या गटात, म्हणजे डिव्हिजन वन-डबल-ए मध्ये, राष्ट्रीय विजेते. आणि सगळ्यात वरच्या गटात आले ते थेट १९९६ ला, तेव्हा पहिल्याच सीझनला २ जिंकल्या आणि १० हरल्या. कोच पोकी ॲलन कॅन्सरशी झगडत होते, शेवटच्या मॅचेसना परत येऊन उभे राहिले आणि वर्ष संपायच्या आत गेले. अशा टीमने त्यानंतर दहा वर्षांत ओक्लाहोमाला हरवलं राव! ओक्लाहोमा म्हणजे या खेळातलं जुनं खानदानी घराणं.

लिंबूटिंबू :
वाचतोय. पण निळं मैदान म्हणजे काय, गवत निळं?

बॉयसीवाला :
कृत्रिम गवत हो. १९८६ ला जुनी टर्फ बदलायची वेळ आली तेव्हा ॲथलेटिक डायरेक्टर जीन ब्लायमायर यांनी विचार केला की एवढे पैसे घालून पुन्हा हिरवंच कशाला, कुणाला कळणारसुद्धा नाही काही बदललंय ते, म्हणून कॉलेजच्या रंगाचं निळं घातलं. तेव्हा अख्ख्या देशात असं मैदान दुसरं नव्हतं. लोक हसले. पण चॅनल बदलता बदलता टीव्हीवर ते निळं दिसलं की माणूस थांबतो, आणि आयडाहोसारख्या कोपऱ्यातल्या राज्याला तेवढंच पाहिजे होतं. आता त्या रंगाचा ट्रेडमार्कसुद्धा आहे कॉलेजकडे.

कोलंबसकाका :
गाजावाजाच आहे, मी स्पष्ट बोलतो. मी ओहायो स्टेटच्या गावात, कोलंबसला राहतो, आमच्या स्टेडियममध्ये लाखाच्या वर माणूस बसतं, नोव्हेंबरात थंडीने बोटं गळायची वेळ येते तरी बसतं. बॉयसीचे ते सोन्याचे दिवस कुणाविरुद्ध होते जरा बघा, न्यू मेक्सिको स्टेट, सॅन होजे, आयडाहो, युटा स्टेट. वासरात लंगडी गाय शहाणी! वर्षातून एखादी मोठी मॅच, तिची तयारी सहा महिने करायची, एखादी जिंकली की झालं, आम्हाला फायनलला बसवा म्हणून गळा काढायचा. आमच्या टीमला दर आठवड्याला विस्कॉन्सिन, पेन स्टेट, मिशिगन, पोरं ठेचून निघतात. १२-० (बारा जिंकल्या, एकही नाही हरली) आणि १२-० मध्ये फरक असतो.

बॉयसीवाला :
काका, तुमच्याबद्दल आदर आहे, पण २००८ चा हिशोब आठवा. तेव्हा बीसीएस नावाची पद्धत होती, सहा मोठ्या कॉन्फरन्सच्या, म्हणजे कॉलेजांच्या गटांच्या, विजेत्यांना सीझननंतरच्या मोठ्या बाऊल मॅचमध्ये आपोआप जागा, बाकीच्यांनी वरच्या नंबरात येऊन दाखवायचं आणि तरी बोलावणं येईलच असं नाही. बॉयसी स्टेट १२-०, रँकिंग ९ वं. फिएस्टा बाऊलला आमंत्रण कुणाला? १० व्या नंबरच्या, दोन मॅच हरलेल्या टीमला. ती टीम कुठली ते मी लिहीत नाही, कोलंबसमध्ये विचारा कुणालाही :) आणि ती टीम तिथे जाऊन टेक्सासकडून हरली पण.

कोलंबसकाका :
तीन पॉइंटने हरली, शेवटच्या मिनिटाला. आणि आमची माणसं तिकीट काढून ॲरिझोनापर्यंत जातात, टीव्हीवाल्यांना बघणारे लागतात. बाऊल मॅच हा धंदा आहे, धर्मादाय नाही. बाकी त्याच वर्षी तुमची टीम सॅन दिएगोत टीसीयूकडून (टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटी, तीही तेव्हा तुमच्यासारखीच छोट्या कॉन्फरन्समधली) १७-१६ हरली ते सोयीने विसरलात.

बॉयसीवाला :
विसरलो नाही, एका पॉइंटने हरली. आणि पुढच्या सीझनला त्याच टीसीयूला फिएस्टा बाऊलमध्ये १७-१० ने हरवून १४-० झाली, ते तुम्ही विसरलात. त्या वर्षी सुरुवातीलाच ओरेगनला १९-८ ने लोळवलं होतं, आणि ओरेगनने नंतर आपली कॉन्फरन्स जिंकली. एवढं करून शेवटच्या रँकिंगमध्ये नंबर? चौथा. एकही न हरता चौथा.

सदाशिवपेठी :
मला तुमचा हा वादच अनाकलनीय आहे. कॉलेज कशासाठी असतं? विद्यापीठाचं मोठेपण ग्रंथालयावरून, प्रयोगशाळेवरून ठरायला हवं. इथे बऱ्याच राज्यांत सर्वांत जास्त पगार घेणारा सरकारी नोकर फुटबॉलचा कोच असतो असं वाचलं, ते खरं असेल तर तुम्ही दोघं एका सर्कशीच्या दोन तंबूंवरून भांडताय.

बॉयसीवाला :
खरं आहे, आयडाहोतसुद्धा तसंच आहे. पण तुम्ही पुण्याचे ना, भरत नाट्यला पुरुषोत्तमच्या वेळी 'अरे आवाज कुणाचा' करून घसा बसवलाय की नाही कधी? तेव्हा एखाद्या कॉलेजचं नाव लोकांच्या तोंडी कशामुळे असायचं, त्यांच्या केमिस्ट्री लॅबमुळे? इथे तसंच समजा, फक्त अख्खं शहर ओरडतं.

सदाशिवपेठी :
बसवलाय. पण पुरुषोत्तमच्या दिग्दर्शकाला कुलगुरूपेक्षा जास्त पगार नसतो, आणि एकांकिकेत कुणाच्या मेंदूला मार लागत नाही.

सिअ‍ॅटलकरीण :
सदाशिवपेठी यांना +१, मेंदूच्या दुखापतीवर या खेळातले लोक फार उशिरा बोलायला लागले. पण मी आलेय ते वेगळ्या मुद्द्यासाठी. धागाकर्ते म्हणतात तसं हे काही अख्ख्या कॉलेजचं कर्तृत्व नाही, ख्रिस पीटरसन नावाच्या एका माणसाचं आहे. २००६ ते २०१३ तो कोच होता, सगळी मोठी नावं त्याच काळातली. मग तो आमच्याकडे वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीला आला आणि २०१६ ला आम्ही राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या चार टीम्सच्या प्लेऑफमध्ये. कोच गेला की बॉयसी संपलं.

बॉयसीवाला :
अहो ताई, नेमकं उलट आहे! त्याच्या आधीचे बघा, ह्यूस्टन नट आर्कान्सॉला गेला, डर्क केटर ॲरिझोना स्टेटला, डॅन हॉकिन्स कोलोरॅडोला. हॉकिन्सचं कोलोरॅडोत पार पानिपत झालं. नंतरचा हार्सिन ऑबर्नला गेला, दुसऱ्याच सीझनला त्याला मध्येच काढला. म्हणजे इथून माणूस उचलून नेला तरी इथली घडी सोबत जात नाही, पीटरसन हा अपवाद. आणि तो गेल्यावर लगेच २०१४ ला याच टीमने ॲरिझोनाला हरवून तिसरा फिएस्टा बाऊल जिंकला. घडी काय होती? मोठी कॉलेजं ज्या पोरांकडे बघत नाहीत, उंची दोन इंच कमी, वजन कमी, ती उचलायची आणि तीन-चार वर्षं घडवायची. केलन मूर घ्या ना, वॉशिंग्टन राज्यातल्या छोट्या गावातला डावखुरा पोरगा, फेकीत जोर नाही म्हणायचे. क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) म्हणून ५० मॅच जिंकला, ३ हरला. पन्नास आणि तीन!

लिंबूटिंबू :
तो ओक्लाहोमाचा किस्सा सांगा की, नुसते आकडेच फेकताय सगळे.

बॉयसीवाला :
१ जानेवारी २००७, फिएस्टा बाऊल. बॉयसी २८-१० ने पुढे होती, ती पार घसरत शेवटच्या दीड मिनिटात २८-२८. मग पुढच्याच चालीत क्वार्टरबॅक झब्रॅन्स्कीचा पास ओक्लाहोमाच्या पोराने मध्येच पकडला आणि थेट टचडाऊन, ३५-२८. लोक उठून पार्किंगकडे निघाले असतील. १८ सेकंद उरलेत, चौथा डाऊन, म्हणजे शेवटचा प्रयत्न, १८ यार्ड पाहिजेत, गेला चेंडू की गेली मॅच. झब्रॅन्स्कीने मध्ये ड्रिसन जेम्सला पास दिला, सगळे बचाववाले त्याच्याकडे धावले, आणि त्याने धावता धावता चेंडू उलट दिशेने येणाऱ्या जेरार्ड रॅबच्या हातात टाकला. रॅब थेट कोपऱ्यात. ७ सेकंद बाकी, ३५-३५.

ओव्हरटाइमला एड्रियन पीटरसनने पहिल्याच चालीत टचडाऊन केला. बॉयसीने पुन्हा चौथ्या डाऊनवर, आणि तोही एरवी पास झेलणाऱ्या रिसीव्हरकडून पास फेकवून, टचडाऊन केला. आता एक पॉइंटची किक मारून बरोबरी करता आली असती. कोचने ठरवलं दोन पॉइंटसाठी जायचं, जिंकलो तर आत्ताच. झब्रॅन्स्कीने रिकामा उजवा हात फेकल्यासारखा केला, सगळे उजवीकडे बघतायत, आणि डाव्या हाताने पाठीमागून चेंडू इयन जॉन्सनला. तो डावीकडून आरामात आत. ४३-४२. त्यानंतर तो जॉन्सन कॅमेऱ्यासमोर गुडघ्यावर बसला आणि चिअरलीडर असलेल्या गर्लफ्रेंडला लग्नाचं विचारलं, तेवढं जरा जास्तच झालं माझ्या मते, पण असो.

कोलंबसकाका :
मॅच भारी होती, नाही म्हणत नाही. पण एका रात्रीवर वीस वर्षं जगताय तुम्ही लोक. २०१० ला काय झालं ते पण सांगा. नेव्हाडाविरुद्ध हाफटाइमला २४-७ पुढे, आणि किकरने २६ यार्डवरून चुकवली, ओव्हरटाइममध्ये २९ वरून परत. पोरखेळाच्या अंतरावरून दोनदा. ३४-३१ हरले. खरी मोठी टीम असं हरत नाही.

बॉयसीवाला :
नेव्हाडाचा क्वार्टरबॅक कॉलिन केपरनिक होता काका, काही सोम्यागोम्या नव्हता. आणि तुमच्या टीम्स असं हरल्या की पुढच्या आठवड्यात मिशिगन असतं, जिंकलं की सगळं माफ. आम्ही एक हरलो की सीझन खल्लास, शिक्षा म्हणून लास वेगास बाऊल. तिथे युटाला २६-३ बदडलं पण बघतंय कोण. नेव्हाडाच्या मॅचच्या आठवड्यातच तुमच्याच युनिव्हर्सिटीचे अध्यक्ष गॉर्डन गी म्हणाले होते ना, आम्ही काही 'लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर'शी, म्हणजे गरिबांची सेवा करणाऱ्या नन्सशी, खेळत नाही. मग टीसीयूने रोझ बाऊलमध्ये विस्कॉन्सिनला हरवल्यावर कोलंबसमध्येच त्या नन्सच्या नावाने अभिनंदनाचे फलक लागले, बघितले असतील तुम्ही.

कोलंबसकाका :
बघितले. गी यांनी माफीही मागितली. ते वाक्य चुकीचं होतं, मुद्दा चुकीचा नव्हता.

सिअ‍ॅटलकरीण :
बॉयसीला बिचारं दाखवायचं असेल तर २०११ ची एनसीएएची (कॉलेज खेळांची नियम लावणारी संघटना) कारवाई पण लिहा. प्रोबेशन, स्कॉलरशिप कापल्या, आणि निळं मैदान आणणाऱ्या ब्लायमायर यांनाच घरी बसवलं. धुतल्या तांदळासारखं कुणीच नसतं.

बॉयसीवाला :
लिहितो की. फुटबॉलपुरतं काय होतं माहितेय? नवीन येणाऱ्या पोरांना उन्हाळ्यात जुन्या खेळाडूंनी सोफ्यावर झोपायला जागा दिली, गाडीने सोडलं, जेवायला घातलं. इतर खेळांत जास्त गंभीर भानगडी होत्या हे मान्य. पण आज बघा, २०२१ पासून खेळाडूंनी नाव वापरून पैसे कमवणं कायदेशीर, आणि २०२५ च्या कोर्टातल्या समझोत्यानंतर प्रत्येक कॉलेज वर्षाला साधारण २ कोटी डॉलर खेळाडूंना थेट वाटू शकतं. सोफ्यावरून शिक्षा झाली होती हो.

सदाशिवपेठी :
आणि हे २ कोटी कुठून येणार? बड्यांकडे टीव्हीचा पैसा आहे. तुमच्यासारख्या मधल्या कॉलेजांत विद्यार्थ्यांच्या फीमधून आणि विद्यापीठाच्या गंगाजळीतून खेळाचा खर्च भागवतात. सकाळी कॉफीच्या दुकानात काम करून फी भरणारी मुलगी क्वार्टरबॅकचा पगार देणार. याला उदय म्हणायचं असेल तर म्हणा.

बॉयसीवाला :
या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही, फीमधला तो भाग मलाही पटत नाही.

पण मूळ वादाकडे. २०२४ ला प्लेऑफ १२ टीम्सचं झालं, बॉयसी पहिल्याच वर्षी आत, तीन नंबरचं मानांकन आणि पहिली फेरी माफ. रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा) ॲश्टन जेंटी सीझनभरात २६०१ यार्ड धावला, बॅरी सँडर्सच्या १९८८ च्या विक्रमाला २७ कमी. दारं उघडल्यावर लगेच आत शिरले की नाही?

कोलंबसकाका :
शिरले आणि पेन स्टेटने ३१-१४ ने बाहेर काढले. जेंटीला तीसच्या आसपास वेळा चेंडू दिला, एक टचडाऊन नाही. आणि ती तीन नंबरची जागा नियमाच्या कृपेने, रँकिंग ९ होतं. तो नियम दुसऱ्याच वर्षी बदलला, कारण सगळ्यांना दिसलं काय होतंय ते. मी म्हणतो तेच, दर आठवड्याला मोठ्यांशी खेळून दाखवा.

बॉयसीवाला :
त्याच सीझनला ओरेगनच्या घरी जाऊन ३७-३४, शेवटच्या सेकंदाच्या किकवर हरले. ओरेगन तेव्हा तुमच्याच कॉन्फरन्सचं विजेतं झालं काका. दर आठवड्याला खेळायला तयारच आहोत, २०२६ पासून नव्या पॅक-१२ कॉन्फरन्समध्ये जायचं ठरलं तेही त्यासाठीच. पण मोठे इकडे येतात कुठे? या ना ओहायो स्टेटला घेऊन बॉयसीला, एक वर्ष आमच्याकडे, एक वर्ष तुमच्याकडे.

कोलंबसकाका :
३६ हजारांच्या मैदानावर? आमच्याकडे घरच्या एका मॅचला त्याच्या तिप्पट तिकिटं जातात. ते सोडून आयडाहोला कोण पाठवेल टीमला, वेड लागलंय का? तुम्ही या इकडे, चेक देऊ, बँडसमोर बसून मॅच बघा आणि जा.

बॉयसीवाला :
आणि मग म्हणणार, तुम्ही मोठ्यांशी खेळत नाही.

सिअ‍ॅटलकरीण :
काका, यावर काहीतरी बोला आता, पॉपकॉर्न घेऊन बसलेय मी :D

लिंबूटिंबू :
चौथा डाऊनवाला व्हिडिओ बघितला. तिसऱ्यांदा बघतोय. हे लोक चेंडूला पाय क्वचितच लावतात, मग फुटबॉल का म्हणतात यावर वेगळा धागा काढू का?

सदाशिवपेठी :
कृपया नको.