रोकोको फक्त दरबाऱ्यांचा?

रोकोको, म्हणजे अठराव्या शतकातली नाजूक, भरगच्च नक्षीची युरोपीय कलाशैली, ही फक्त पॅरिसच्या सरदारांच्या दिवाणखान्यांची चैन होती, सामान्य माणसाशी तिचा संबंधच नव्हता, असं एक मत आहे. फ्रान्सपुरतं ते बरंचसं पटतं. पण दक्षिण जर्मनीतलं चित्र वेगळं आहे. बव्हेरियातलं वीसकिर्शे बघा. ऐन कुरणात उभं असलेलं हे चर्च कुणा राजासाठी नाही, यात्रेकरूंसाठी बांधलं गेलं. मिरवणुकीतून बाद झालेली ख्रिस्ताची एक लाकडी मूर्ती एका शेतकऱ्याच्या घरी होती. १७३८ मध्ये तिच्या डोळ्यांत अश्रू दिसले म्हणून लोकांची रीघ लागली आणि १७४५ मध्ये बांधकाम सुरू झालं.

ते उभारणारा डोमिनिकुस झिमरमान मुळात गिलाव्यात नक्षी करणारा कारागीर, वेसोब्रुन या गिलावाकारांच्याच गावाजवळचा. छताचं चित्र त्याच्या भावाचं. छताचा सांगाडा दगडी नाही, लाकडी; त्यावर गिलावा. संगमरवरासारखे दिसणारे खांबही जिप्समच्या लगद्यात रंग आणि सरस मिसळून, घोटून चकाकी आणलेले. महाग दगडाविना, हाताच्या कसबावर उभी राहिलेली ही श्रीमंती मला फ्रेंच राजांच्या व्हर्साय राजवाड्यापेक्षा जास्त भिडते. झिमरमान तर पुढे मरेपर्यंत त्या चर्चशेजारीच राहिला.