ऑक्टेव्हची (आकडेमोडीचं सॉफ्टवेअर) स्क्रिप्ट मध्येच मरते, एरर नाही, नुसतं 'किल्ड'

पाऊसवही
मुंबईच्या पावसाचा नकाशा करतेय. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पडला, कुलाब्याला जेमतेम ७३. अख्ख्या शहराला एकच आकडा लावणं म्हणूनच मला पटत नाही. माझ्याकडे ६० पर्जन्यमापकांच्या नोंदी आहेत. जवळच्या केंद्राला जास्त वजन देऊन नकाशाच्या ३०,००० चौकटींचा पाऊस काढायचाय. उबुंटू लिनक्स, १६ जीबी रॅम, ऑक्टेव्ह टर्मिनलवरून. ३,००० चौकटींना सगळं सुरळीत. ३०,००० केल्या की थोड्या वेळात 'किल्ड' आणि प्रॉम्प्ट परत.

मी मुलुंडहून येताना लोकलमधून एसएसएच करते, म्हणजे लॅबच्या मशीनला दुरून जोडते. वाटलं, रेंज जाते म्हणून होत असेल. टीमक्समध्ये (कनेक्शन तुटलं तरी काम चालू राहतं) चालवली, काल तर लॅबमध्ये मशीनसमोर बसून. तरी तेच. शुक्रवारी गाइडना दाखवायचंय, प्लीज सुचवा.

गिरणगाव७२
रेंजचा संबंध नाही. कनेक्शन तुटलं की हँगअप, म्हणजे सिग्नल १ जातो. 'किल्ड' हा सिग्नल ९. स्क्रिप्ट मेल्या मेल्या एको डॉलर प्रश्नचिन्ह करा, ती कोणत्या कोडने संपली ते दिसेल. १३७ आलं तर ते १२८ अधिक ९. मग सुडो लावून डीमेसेजच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या (कर्नलच्या) नोंदींच्या, शेवटच्या ओळी वाचा.

पाऊसवही
१३७ च आलं दादा! डीमेसेजमध्ये 'आउट ऑफ मेमरी' आणि पुढे ऑक्टेव्हचं नाव. पण मग ऑक्टेव्हने स्वतः का नाही सांगितलं?

गिरणगाव७२
त्यालाही कळलं नाही. मेमरी मागितली की लिनक्स हो म्हणतो, खरी जागा मात्र लिहायला लागल्यावर देतो. तेव्हा ती संपलेली असेल तर कर्नल सगळ्यात जास्त खाणाऱ्याला उचलतो. अंतरं कशी काढता?

पाऊसवही
चौकटी आणि केंद्रं एकाच यादीत घालून सगळ्यांची सगळ्यांशी.

सविता_न्यूमेरिकल
अगं, तिथेच आहे सगळं. ३०,००० गुणिले ३०,००० गुणिले ८ बाइट म्हणजे ७.२ जीबी, एका मॅट्रिक्सला. एक्सचा फरक, वायचा फरक, वर्गांची बेरीज, अशा तीन झाल्या की १६ जीबी गेली. चौकटी दहापट केल्यास, मेमरी शंभरपट झाली. आणि चौकटीचं चौकटीशी अंतर तुला लागतच नाही! फक्त केंद्रांशी काढ: ३०,००० गुणिले ६०, साडेचौदा एमबीसुद्धा नाही. रॅम वाढवून मागू नकोस, ही एक ओळ बदल.

पाऊसवही
ताई, चालली! चहा आणायला उठायच्या आत संपली. आठवडाभर मी नेटवर्कच्या मागे होते. फक्त नकाशावर दोन पांढरी भोकं दिसताहेत, दोन्ही एकेका केंद्राच्या जागी.

सविता_न्यूमेरिकल
चौकटीचा मध्य नेमका केंद्रावर आला, अंतर शून्य, वजन अनंत, आणि अनंत भागिले अनंत म्हणजे नॅन, 'आकडाच नाही'. तिथे केंद्राचीच नोंद सरळ ठेव.